तीन मेका आणि आई

"दिवसाला पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं, आणि आईने उत्तर द्यायच्या आधी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं, पाठ न केलेली कविता विचारली की पोरं शेजारच्या बाकाकडे बघतात तसं. पिते की, भरपूर पिते, ती म्हणाली. आता काय, खालीच असते ना. ह्या 'खाली'चा अर्थ डॉक्टरांना लागला नाही. मग त्यालाच सांगावं लागलं की आई क्रेन चालवायची. उंच इमारत बांधताना शेजारी लोखंडी मनोरा उभा करतात, त्याच्या टोकाला काचेची केबिन असते, तिच्यात बसून. सात वर्षांपूर्वी थांबली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग वर असताना पाणी? "वर कसं पिणार?" आई म्हणाली. "शिडीने उतरायला वीस मिनिटं, चढायला अर्धा तास. तोवर खाली शंभर माणसं हातावर हात ठेवून बसणार. लघवीला पुरुष बाटली ठेवायचे. आपल्याला थोडंच ते जमतंय." आज बाजारात मटार बरे नव्हते, हे सांगावं त्याच सुरात. अशी किती वर्षं, डॉक्टरांनी विचारलं. सव्वीस, आई म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर सव्वीस लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि पडद्यावरचं चित्र दोघांकडे वळवलं. डावं मूत्रपिंड खड्यांनी भरून आक्रसून गेलं होतं, ते काढावं लागणार होतं. उजवं अजून झगडत होतं. पण त्याच्याबद्दलही आत्ताच काही शब्द देता येणार नाही, असं ते म्हणाले.

त्या क्षणी त्याच्या मनात आईबद्दल काहीतरी यायला हवं होतं. आलं ते भलतंच. डोळ्यांपुढे वर्षानुवर्षं पडद्यावर पाहिलेल्या तीन यंत्रमानवांच्या केबिनी आल्या: एक डोक्यात, एक छातीत, एक पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध. तिन्हींतली बटणं, पट्टे, पेडल, श्वासाची नळी, सगळं त्याला डोळे मिटून काढता आलं असतं. आणि तिन्हींत ती सोय नव्हती. पोरं आत बसून भागच्या भाग लढत होती, जखमी होत होती, शपथा घेत होती, आणि एकालाही कधी लघवीला लागली नव्हती. आपल्याला इथे हसू फुटतंय की काय अशी त्याला भीती वाटली, आणि लगेच कानशिलं तापली. कारण हा प्रश्न पूर्वी एकदा विचारला गेला होता. तो नऊ वर्षांचा, ताई तेराची. संध्याकाळची वेळ, आई नुकतीच कामावरून येऊन दारात वाकून बुटांचे बंद सोडतेय, पडद्यावर लाल शिंगांचा यंत्रमानव शत्रूशी झोंबतोय. आईने मान वर करून विचारलं होतं, "आणि ह्या पोराला आत लागली, तर काय करतं रे ते?" तो आणि ताई हसून हसून जमिनीवर लोळले होते. पुढे कितीतरी दिवस घरात तो विनोद चालला. आईही हसायची. ती हसायची म्हणजे नेमकं काय करायची, तिचा चेहरा कसा व्हायचा, हे डॉक्टरांच्या खोलीत बसून तो आठवायला गेला, तर त्याला फक्त बुटांचे बंद आठवले, सिमेंटने पांढरे पडलेले.

शस्त्रक्रिया आठ दिवसांनी ठरली. त्याने आईला घरी सोडलं आणि तो कामावर गेला, कारण न जाऊन करणार काय. त्याचं काम म्हणजे यंत्रं काढणं. जपानी कार्टून मालिकांमध्ये ज्या अवाढव्य यंत्रमानवांच्या आत माणूस बसतो, त्यांना धंद्यात मेका म्हणतात. आणि अशा मालिकांतल्या हालचालींची मधली-मधली चित्रं काढून द्यायचं काम त्यांच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं येत होतं. बावीस माणसं, लांबलचक टेबलं, खालून उजेड येणाऱ्या काचा, आणि कोपऱ्यात एक कॉफीचं यंत्र, जे मेकांपेक्षा जास्त वेळा बिघडायचं. एक्केचाळिसाव्या वर्षी तो तिथला सगळ्यात जुना माणूस होता आणि सगळे त्याला सांधेमास्तर म्हणायचे. कुणी गुडघा चुकवला, कोपर उलटं वळवलं, की मास्तर मागे येऊन उभे. काही न बोलता स्वतःचाच गुडघा वाकवून दाखवणार. यंदा पहिल्यांदाच स्टुडिओला स्वतःची मालिका करायला मिळाली होती. दिग्दर्शिका त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, घाईत असलेली बाई. तिने सांगितलं होतं, मास्तर, आधी एक तक्ता करा. मोठ्या मालिकांतल्या मेकांची तुलना. कोणी काय कुठून घेतलं, पाय कसा, केबिन कुठे. म्हणजे आपला मेका कुणासारखा दिसणार नाही, आणि दिसलाच तर आपल्याला ठाऊक तरी असेल.

तो तक्ता त्याने इतक्या गोडीने करायला घेतला होता की घरी नेऊन जेवतानाही समोर ठेवायचा. तीन मालिका निवडल्या होत्या, कारण त्याचं अर्धं आयुष्य ह्या तिघींत गेलं होतं. पहिली लाल शिंगांची. सगळ्यात जुनी, सगळ्यात भाबडी. त्या मेकाचं शिरस्त्राण, खांद्यांवरच्या झडपा, कमरेचा घेर, सगळं जुन्या जपानी योद्ध्यांच्या चिलखतावरून उचललेलं. रंग मात्र खेळणी विकणाऱ्यांनी ठरवलेले, म्हणून लाल, निळा आणि पिवळा. त्याला गुडघेच नव्हते. तो चालायचा म्हणजे कपाट सरकवल्यासारखा. पोरगा त्याच्या डोक्यात, काचेमागे बसायचा, आणि मेका काय विचार करतो हे पोराच्या तोंडावरून कळायचं. दुसरी राखाडी फौजेची. तिच्यात एकच एक नायक-मेका नव्हता. एकाच साच्यातले दोनशे होते, छातीवर क्रमांक रंगवलेले. हे पाणबुड्यांच्या जुन्या पोशाखावरून, रणगाड्यांवरून आणि माती उकरणाऱ्या यंत्रांवरून आलेले. सांध्यांतून तेल गळायचं, इंधन संपायचं, सुटे भाग मिळायचे नाहीत. चालक छातीत बसायचा, पाठीशी इंजिन, घामाने निथळलेला. नडगीवर चढायला लोखंडी कड्या होत्या आणि पाय ठेवून ठेवून त्यांचा रंग उडाला होता. ह्या उडालेल्या रंगासाठीच दहाव्या वर्षी त्याने ती मालिका जिवापाड धरली. ज्याने तो काढला त्याला ठाऊक होतं की ह्यावर रोज कुणीतरी चढतं. तिसरी बरीच नंतरची, तो कॉलेजात असतानाची. तिच्यातले मेका सडसडीत, लाकडी वाटणारे, जपानी बाहुल्यांवरून घेतलेले; ज्यांतल्या एकेका बाहुलीला तीन माणसं मिळून हलवतात त्या. तसेच इथेही तीन चालक पाठीवर एकाशेजारी एक: एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. तिघांचा श्वास एका लयीत आला तरच ते चालायचं. एकाचा चुकला की तोल गेला.

आता टेबलावर तोच तक्ता पसरून तो बसला होता आणि त्याचं लक्ष लागत नव्हतं. उडालेल्या रंगावर त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती. रोज कुणीतरी चढतं. हे त्याला दहाव्या वर्षी कळलं होतं, आणि त्याच वर्षी शाळेत बाईंनी आई काय करते असं विचारल्यावर तो म्हणाला होता, ऑफिसात असते. कुठल्या? उंचावरच्या. वर्गात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पण घरी येताना रस्त्याच्या पलीकडे, पत्र्यांच्या कुंपणामागे, आईची क्रेन दिसायची. तिचा लांब आडवा हात आभाळात सावकाश फिरत असायचा, आणि तो मान खाली घालून चालायचा. कशाची लाज होती ती? मित्रांच्या आया शिवणकाम करायच्या, दवाखान्यात असायच्या, घरी असायच्या. कुणाची आई शिडी चढून जात नसे. वडील गेल्यावर आईने त्याच कुंपणाच्या आत विटा वाहिल्या होत्या. मग कुणा म्हाताऱ्या चालकाने तिची नजर पाहिली, अंदाज पाहिला, आणि वर नेऊन शिकवलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. ताईला ह्याचा अभिमान होता, ती मैत्रिणींना कुंपणापाशी नेऊन दाखवायची. तो मात्र दप्तर टाकून पडद्यासमोर बसायचा आणि केबिनीत बसलेल्या पोरांवर जीव ओवाळून टाकायचा. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी इतकी वर्षं राहिल्या, एका भिंतीच्या दोन बाजूंच्या बिऱ्हाडांसारख्या, आणि त्याने कधी दार वाजवलं नाही.

शनिवारी दुपारी तो आईकडे गेला तेव्हा ती मटार सोलत बसली होती. कणाकणाने अशक्त झाली होती, पण बोटं चालत होती. त्याने काय मनात आणलं कोण जाणे, पिशवीतून तक्ता काढला आणि तिच्यासमोर पसरला. बघ, म्हणाला, माझं काम. चाळीशी लावून ती त्यावर वाकली. तो तिला समजावू लागला, हा चिलखतावरून, हा पाणबुड्यावरून, आणि तिने त्याला अर्ध्यावरच थांबवलं. लाल शिंगांच्या पायांवर मटाराची शेंग ठेवून म्हणाली, "हा उभा कसा राहतो? पुढे एवढी छाती काढलीय, मागे वजन कुठाय?" तो म्हणाला, आई, तो काल्पनिक आहे. ती म्हणाली, असेना का, पडायला काय लागतं. मग तिने राखाडी मेका पाहिला, कड्या मोजल्या, आणि मान डोलावली. हा बरा आहे. कड्या जरा लांब लांब आहेत, ह्याचा चालक उंच असणार. तिसऱ्यापाशी ती बराच वेळ थांबली. तिघंजण? मग तिघांत चुकी कुणाची ते कसं ठरवतात? त्याला हसू आलं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांशी ह्या मालिकांवर तो भांडला होता, कुठला मेका कुणाची नक्कल यावर रात्री वाया घालवल्या होत्या, आणि इतके रोकडे प्रश्न कुणी विचारले नव्हते. मग तिने चाळीशी काढली आणि साडीच्या पदराला पुसत म्हणाली, "ह्यांच्यात एक गंमत आहे. तिन्ही यंत्रांना फक्त समोरचं दिसतं. खालचा माणूस कुठाय?"

खालचा कोण, त्याने विचारलं. बावटा, ती म्हणाली.

बावट्याबद्दल त्याला पुसटसं माहीत होतं. क्रेनखाली उभा राहून वरच्याला हाताने खुणा करणारा माणूस. पूर्वी हातात लाल बावटा असायचा, म्हणून नाव तेच पडलं. आई सांगत गेली आणि तो ऐकत गेला. वरून माल दिसतो, पण माल कुठे टेकतो ते दिसत नाही. भिंतीआड, खड्ड्यात, तारांमध्ये. तिथे तुझे डोळे म्हणजे तो. त्याने म्हटलं थांब की थांबायचं, तुला काहीही दिसत असो. बावटा आणि ती पंधरा वर्षं एकत्र होते, आणि त्या पंधरा वर्षांत चहाच्या वेळी दोघं बोलले असतील ते बोटांवर मोजण्याइतकं. बोलायचं काय, दिवसभर बोलतच असायचो. त्याने तक्त्याकडे पाहिलं. पाय, गुडघा, कंबर, केबिन, शस्त्र, रंग, उगम, रकान्यांवर रकाने. माणसं चिरडली जाऊ नयेत म्हणून मेकाच्या पायाशी उभं राहणारं कुणी, असं तिन्ही मालिकांत एकदाही नव्हतं. आणि तो हे तीस वर्षं बघत आला होता.

मग आईनेच विषय काढला. तुला आठवतं का, ती म्हणाली, त्या राखाड्यांचा शेवटचा भाग होता, आणि मी लवकर येते म्हणाले होते. आठवत होतं. न आठवायला काय झालं. दोन आठवडे आधी त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिने वरिष्ठांना सांगूनही ठेवलं होतं. आणि भाग सुरू झाला, संपला, पडद्यावर जाहिराती लागल्या, तरी दारात बुटांचा आवाज नाही. ती आली तेव्हा अंधार पडायला लागला होता. शेवटी काय झालं रे, तिने विचारलं. त्याने सांगितलं नाही. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. "त्या दिवशी वारा सुटला," आई म्हणाली. "एकदम. हुकाला काँक्रीटची अख्खी भिंत, आणि खाली सळयांचा गठ्ठा घसरून बावट्याचा पाय अडकला. भिंत बरोबर त्याच्यावर. वारा एकीकडून ढकलतोय. खाली ठेवता येत नाही, बाजूला नेता येत नाही, झोका बसला तर गेलाच. मग धरून ठेवली." किती वेळ, त्याने विचारलं. "चाळीस मिनिटं म्हणतात. मला काय माहीत. गठ्ठा कापेपर्यंत. तो पडल्यापडल्या एका हाताने खुणा देत होता. जरा डावीकडे. जरा. थांब. मी त्याच्यावरून डोळे काढले नाहीत." ती पुन्हा मटार सोलू लागली. वाचला तो, म्हणाली, लंगडा झाला पण वाचला. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. मला आधी का नाही सांगितलंस, त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःचाच आवाज दहा वर्षांच्या पोराचा वाटला. आई म्हणाली, तू बोलत कुठे होतास. आणि मग दोन दिवसांनी बोलायला लागलास, तेव्हा तू इतका खूश होतास की ते मध्येच कशाला काढायचं.

घरी जाताना बसमध्ये तो तक्त्याची पिशवी मांडीवर धरून बसला. वाईट वाटणं म्हणावं तर तसं नव्हतं, अपराधी म्हणावं तर तेही नाही. एखाद्या ओळखीच्या खोलीत शिरल्यावर तिला आणखी एक खिडकी होती हे आता कळावं, असं काहीसं. बसच्या काचेतून बांधकामं जात होती. प्रत्येक क्रेनच्या टोकाला एक काचेची पेटी होती आणि प्रत्येक पेटीत कुणीतरी होतं. त्याने आजवर कधी ह्या पेट्यांतलं माणूस शोधलं नव्हतं. यंत्रं पाहिली होती. जोड, रंग, आडव्या हाताचे त्रिकोण, हे सगळं चोरून चित्रांत वापरलंही होतं. राखाडी फौजेच्या चित्रकाराने जे केलं तेच त्यानेही केलं होतं. फक्त त्याने काढलेल्या मेकांच्या नडगीवरच्या कड्या कोऱ्या होत्या, रंग न उडालेल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताई दूरच्या गावाहून गाडी पकडून आली. आईला हिरवे कपडे घातले होते आणि केस टोपीत कोंबले होते. त्यामुळे ती एकदम लहान दिसत होती. परिचारिका म्हणाली, पाच मिनिटं आहेत, मग नेऊ. ताई औषधांचे कागद भरायला बाहेर गेली. तो पलंगाशेजारी उभा राहिला. सगळं ठीक होईल, असं म्हणावं तर आईला असल्या बोलण्याचा कंटाळा. आईच म्हणाली, "त्या राखाड्यांचं शेवटी काय झालं रे? तू सांगितलंच नाहीस."

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. पण ती खरंच विचारत होती, उशीवर मान वळवून. मग त्याने सांगितलं. दोनशेंपैकी एकच उरतो, त्याचं इंधन संपत आलेलं असतं. चालकाला वरून हुकूम येतो की पूल उडव. पण पुलावरून माणसं जात असतात, गाठोडी, म्हातारी, पोरं. तो पूल उडवत नाही. उलट पुलाचा खांब खचतो तेव्हा मेकाला त्याच्याखाली नेऊन उभं करतो आणि हात वर करून पूल पेलतो. माणसं जाईपर्यंत इंजिन पुरतं. मग बंद पडतं. चालक कड्यांवरून उतरतो, मेकाच्या पायावर थाप मारतो आणि चालू लागतो. मेका तसाच राहतो, पूल धरून. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपण हे कुणालाच कधी नीट सांगितलेलं नाही. तक्त्यात त्याने लिहिलं होतं, 'अखेरच्या दृश्यावर पुलांच्या बांधणीचा प्रभाव.' आई ऐकत होती. "बंद पडला तरी धरून राहिला?" तिने विचारलं. हो, तो म्हणाला. "मग त्याला गज टाकलेले असणार आतून," ती म्हणाली, "नाहीतर नाही राहायचा," आणि डोळे मिटले. परिचारिका आली.

बाहेरच्या बाकावर तो आणि ताई तीन तास बसले. ताईचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. हे त्याने पूर्वी पाहिलं होतं की आत्ताच, त्याला सांगता येईना. बोलायला विषय नव्हता म्हणून तो लाल शिंगांवर आला. ताईला सगळं आठवत होतं, पण वेगळंच. तिला मेका आठवत नव्हते, आवाज आठवत होते. पडद्यावर लढाई चालू असायची, ती म्हणाली, आणि आई आली की सरळ स्वयंपाकघरात जायची. मी पाण्याचा जग भरून ठेवलेला असायचा. उभ्याउभ्या प्यायची. एक पूर्ण जग, मग दुसरा. प्यायचा आवाज यायचा, घटाघट, आणि तू म्हणायचास, हळू, ऐकू येत नाही. त्याने असं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण आवाज आठवला. इतक्या वर्षांनी, रुग्णालयाच्या त्या बाकावर, पाठीमागून येणारा तो आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला आणि त्याने चेहरा तळहातांत घेतला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. वेडा आहेस, म्हणाली. मलाही कुठे ठाऊक होतं ती का पिते इतकं. मला वाटायचं, चढून-उतरून तहान लागत असेल.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी मान हलवली, आणि ती कुठल्या अर्थाने हलवली हे कळेपर्यंतचा क्षण फार लांबला. डावं काढलं होतं. उजवं चालत होतं; वाटलं होतं त्यापेक्षा बरं. जपावं लागेल, पाणी मोजून पण नियमित. ताईने ते औषधांच्या कागदामागे लिहून घेतलं. तो उभाच राहिला आणि डॉक्टरांचा हात सोडायचा विसरला.

आई घरी आली, महिन्याभरात हिंडू-फिरू लागली, आणि तक्ता अजून अर्धाच होता. दिग्दर्शिकेला त्याने स्पष्ट सांगितलं की मला ह्यात आणखी काही हवंय, आणि ते मला येत नाही. काय, तिने विचारलं. हात, तो म्हणाला. तिन्ही मालिकांत चालक लिव्हर ओढतात ते अख्खं अंग घालून, ओरडत, दात खाऊन. तसं कुणी चालवत नाही. मग कसं चालवतात? त्याने सांगितलं की माझी आई दाखवेल. हे वाक्य बावीस माणसांसमोर बोलताना त्याची जीभ क्षणभर अडखळली आणि मग अडखळली नाही. दिग्दर्शिकेने घड्याळ पाहिलं, कारण ती नेहमीच पाहायची, आणि म्हणाली, बुधवारी सकाळी आणा.

बुधवारी आई इस्त्रीची साडी नेसून आली. पोरांनी तिच्यासाठी चाकांची खुर्ची पुढे ओढली. तिने चाकं पाहिली आणि साधी मागितली. हातांखाली दोन उलटे रंगाचे डबे ठेवले. ती बसली, पाठ टेकली, आणि तिचे हात डब्यांवर आले. पुढची दोन मिनिटं दिसण्यासारखं काहीच झालं नाही. बोटं हलत होती, जेमतेम. एखाद्या झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं इतकीच. रंगकाम करणारी मुलगी हळूच म्हणाली, बस, एवढंच? "एवढंच," आई म्हणाली. "जोर लावलास की टोकाला झोका बसतो. इथे बोटभर, तर तिथे हातभर." पेन्सिली सुरू झाल्या. सगळी टेबलं तिच्याकडे वळली होती. कुणी मनगट काढत होतं, कुणी अंगठा. तो मात्र काढू शकत नव्हता. त्याने पेन्सिल धरली होती आणि त्याला फक्त बघायचं होतं.

असं नाही होत, आई मध्येच म्हणाली. खाली कुणी नाही, मग मी काय चालवू? एकजण उभा राहा तिकडे. दोन-तीन जण पुढे आले, पण ती त्याच्याकडे पाहत होती. तू ये. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. काय करायचं ते माहीत नव्हतं म्हणून त्याने रस्त्यावर गाडी थांबवतात तसा हात वर केला. आईने हात डब्यांवरून उचलले. "हे काय? कुणाला टाटा करतोयस?" खोली हसली, तोही हसला. मग तिने शिकवलं. बोट खाली करून गोल फिरवलं की माल खाली. हात आडवा, तळवा जमिनीकडे, की थांब. आणि सावकाश म्हणायचं असेल, तर एक तळहात वर छपरासारखा धरायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्याखाली फिरवायचं. त्याने करून पाहिलं. कोपर जास्त वर गेलं होतं, तिने खाली घ्यायला सांगितलं. शंभर मीटरवरून दिसायला हवं, म्हणाली, आणि घाबरल्यासारखं दिसता कामा नये.

त्याने तळहात छपरासारखा धरला आणि त्याखाली बोट फिरवलं. खोलीच्या त्या टोकाला आईची बोटं हलली. त्याने थांब म्हटलं, ती थांबली. पुन्हा सावकाश, पुन्हा ती हलली. त्याची नजर एकदा पेन्सिलींकडे गेली, दिग्दर्शिकेकडे गेली. ती घड्याळ बघत नव्हती. आईने लगेच हात उचलले. "इकडे," ती म्हणाली, "इकडे बघायचं. तिकडे काय होतंय ते तुझं काम नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता. बावट्याशी ती ह्याच आवाजात बोलली असती, बोलण्याइतकं जवळ असती तर. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत झाला होता, आणि तो त्याच्या ओळखीचा नव्हता. सव्वीस वर्षं रोज सकाळी हा चेहरा शिडीने वर जायचा आणि संध्याकाळी दारात बूट काढायच्या आधी कुठेतरी उतरवून ठेवलेला असायचा. त्याने बोट फिरवायला सुरुवात केली, सावकाश, आणि तिच्या न दिसणाऱ्या हुकाला लटकून जे काही खाली येत होतं ते त्याच्या डोक्यावरून खाली येऊ लागलं. त्याने वर पाहिलं नाही.